मैमूनाची केबल

आष्टीत केबल आली त्या काळात गावातले बहुतेक टीव्ही काळ्या-पांढऱ्या चित्राचे होते. वाहिनी बदलायला त्यांच्या तोंडावर एक जाड गोल बटण असायचं आणि त्याच्याभोवती दोनपासून बारापर्यंत आकडे. बटण पिळलं की खट्ट आवाज व्हायचा आणि दुसरं चित्र यायचं. बाराच्या पुढं काही नाही, परत दोन. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवायचो आणि पोरांना याच बटणावर हिशेब घालायचो. टीव्ही पाचवर लावलाय, आजीनं तो नऊ खटके पुढं फिरवला, तर आजी कुठं पोचली? ज्यांना फळ्यावरची बेरीज जमायची नाही, ती पोरं हवेत बटण पिळून बरोबर तीनवर यायची.

केबल मैमूनाची होती. लोक तिला लालमियाँची केबल म्हणायचे, कारण बसस्टँडजवळचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान लालमियाँचं होतं आणि खांबावर चढून वायरी ओढणारा माणूसही तोच. पण घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली होती, आणि तिथं बसून गावाला काय दिसणार आणि काय नाही हे ठरवायची ती त्याची बायको मैमूना. तीही माझ्याच वर्गातून गेलेली. लहानपणी तिला काही सांगितलं की ती आधी “का?” विचारायची. मोठेपणीही ती खोड गेली नव्हती.

त्या खोलीत पाच पेट्या होत्या. एक पेटी म्हणजे एक वाहिनी. गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या छत्रीतून आलेलं चित्र पेटीत जायचं, पेटी त्याला एक आकडा द्यायची आणि मग ते त्या आकड्यावर गावभर दिसायचं. पेट्या पाच आणि लोकांच्या आवडी पन्नास, म्हणून मैमूना वेळ बघून अदलाबदल करायची. सामना असला की क्रिकेट, दुपारी बायकांच्या मालिका, रात्री पिच्चर. आणि कुणाच्या घरी लग्न झालं की त्या लग्नाची कॅसेट दोन नंबरवर. दोन नंबर एरवी दूरदर्शनचा, पण लग्न असलं की दूरदर्शननं बाजूला व्हायचं, असा रिवाजच पडून गेला होता. लग्नाला जे गेले नाहीत ते घरबसल्या लग्न बघायचे, आणि जे गेले होते ते आपण कुठं दिसतो ते शोधायचे.

सकाळी दहाला दूरदर्शनवर मुलांचा कार्यक्रम असायचा. शाळा साडेदहाची. पोरं कार्यक्रम बघून पळत यायची आणि मी त्यातूनच पहिला तास उभा करायचो. एकदा विचारलं, “काय, ग्रहण कसं लागतं ते कोण सांगतं?”

बेबीनंदा उभी राहिली. “गुरुजी, चंद्र मधी येऊन राह्यला व्हता. पण तेवढ्यात पुंजारामकाकाच्या लेकाला हळद लागली.”

वर्ग खो खो हसला. मलाही हसू आवरेना. उरलेलं ग्रहण मी बॅटरी आणि चेंडू घेऊन दाखवलं.

दोन हजार सालच्या शेवटी केबलचा कायदा बदलला आणि पुढच्या फेब्रुवारीत मैमूनाच्या हातात नोटीस पडली. ती संध्याकाळी माझ्याकडे आली. मागून लालमियाँ, हातात पक्कड तशीच.

“गुरुजी, हे मराठीच हाय ना?” तिनं कागद पुढं केला. “तीनदा वाचलं. प्रत्येक शब्द ओळखीचा, अन् सगळे मिळून अनोळखी.”

मी चष्मा लावून वाचलं. सरकारी भाषेतून सोलून काढल्यावर आत तीनच गोष्टी होत्या. दूरदर्शनच्या दोन वाहिन्या आणि त्यांचीच मराठीची एक, अशा तीन वाहिन्या प्रत्येक केबलवाल्यानं दाखवल्याच पाहिजेत. त्या अखंड दाखवायच्या, मध्येच तोडून दुसरं काही लावायचं नाही. आणि त्या खालच्या आकड्यांवर हव्यात, म्हणजे साध्यातल्या साध्या टीव्हीवरही दिसतील. तुमच्याविरुद्ध तक्रार आलेली आहे, असंही खाली लिहिलं होतं. येत्या गुरुवारी उपविभागीय अधिकारी स्वतः तपासणीला येणार. नियम मोडलेला आढळला तर पेट्या सील करून परतूरला नेणार.

“तक्रार काकासाहेबाची,” लालमियाँ म्हणाला. “दुसरा हाय कोण?”

काकासाहेबांनी आदल्या वर्षी बाजाररस्त्यावर जगदंबा केबल नावानं नवा धंदा टाकला होता. तिथल्या दुकानदारांकडे रिमोटचे रंगीत टीव्ही होते. काकासाहेबांच्या पेट्या पुष्कळ, वाहिन्या त्याहून पुष्कळ. गावाचा उरलेला भाग मात्र अजून मैमूनाकडे होता, आणि तिच्या पेट्या एकदा परतूरला गेल्या की गल्लीगल्लीतून वायरी जोडायला त्यांची माणसं तयारच होती.

“तक्रार खोटी आहे का?” मी विचारलं.

मैमूना खाली बघत म्हणाली, “न्हाई. लग्नं लावतेच की मी दोन नंबरवर.”

“मग आता?”

“तीन पेट्या सरकारला दिल्या तर मला राह्यल्या दोन. दोनात क्रिकेट दाखवू, पिच्चर दाखवू का मालिका? लोक दुसऱ्या दिवशी काकासाहेबाच्या दारात. असला कसला नियम करून राह्यलेत हे लोक?”

मी वर्गात करतो तेच केलं. उत्तर दिलं नाही, प्रश्न मागे ढकलला. “असला नियम का केला असेल?”

तिनं नोटीस पुन्हा हातात घेतली. लालमियाँ पक्कड उघडझाप करत राहिला. मैमूना म्हणाली, “खालचे आकडे म्हणजे दोन ते बारा. ते जुन्या टीव्हीवर दिसतात. वरचे दिसत न्हाईत.”

“बरोबर.”

“म्हणजे ज्याच्याकडं जुना टीव्ही हाय, त्याला काहीच न्हाई मिळालं तरी बातम्या मिळाव्या. शेतीचं मिळावं. पोरांचं मिळावं.” तिनं एकदम मान वर केली. “गुरुजी, काकासाहेब दूरदर्शन बावन्न नंबरवर दाखवतो. खाली सगळे पिच्चर अन् साड्यांच्या दुकानाच्या जाहिराती.”

“तो त्याचा प्रश्न. तुझा प्रश्न तुझ्या पेट्यांचा आहे.”

“हाव,” ती म्हणाली. “आधी माझं घर झाडते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन, तीन आणि चार हे तिन्ही आकडे दूरदर्शनला देऊन टाकले. पाचवर क्रिकेट आणि पिच्चर आलटूनपालटून, सहावर मालिका. लग्नं बंद.

गावात बोंब झाली. सगळ्यात मोठा आवाज नंदाबाईंचा. त्यांच्या भुजंगचं लग्न नुकतंच झालेलं, कॅसेट जालन्याहून परवाच आलेली. त्या मैमूनाच्या जिन्याखाली कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

“मैमूना! खाली ये गं! परवा लावते म्हणलीस ना माझ्या भुजंगचं लग्न?”

मैमूना जिन्यात आली. “मावशी, लावता येत न्हाई आता. कायदा झालाय.”

“पुंजारामाच्या लेकाच्या हळदीला कायदा नव्हता, अन् माझ्या भुजंगच्या वरातीला बरा आडवा आला!”

“तेव्हा माहीत नव्हतं मला.”

“मंग आता बी माहीत न्हाई असं समज की. एक तासाचं तर हाय लग्न. सरकार काय आष्टीला येऊन बघून राह्यलं का?”

“येऊन राह्यलं ना मावशी. गुरुवारी येऊन राह्यलं.”

नंदाबाई पदर झटकून गेल्या. गावात दोन दिवस त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, माझ्या पोराच्या लग्नात अख्खी आष्टी जेवली पण मैमूनाला एक तास जड झाला. चारपाच घरांनी केबल तोडून काकासाहेबांची घेतली. लालमियाँचा धीर सुटत चालला. “एक रात को लगा देते,” तो म्हणाला. मैमूनानं त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा खांबावर चढायला निघून गेला.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास जीप आली. उपविभागीय अधिकारी बाई होत्या, वयानं तरुण, बोलणं मोजकं. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. सोबत एक कारकून, आणि तक्रारदार म्हणून काकासाहेब, पांढऱ्या कडक इस्त्रीत. मैमूनानं मलाही बोलावलं होतं. शाळेला वेळ होता.

मॅडम गच्चीवर आल्या. पाच पेट्या, समोर पाच छोटे पडदे, तीन पडद्यांवर दूरदर्शन. त्यांनी सगळं बघितलं आणि विचारलं, “दूरदर्शन तोडून लग्नाच्या कॅसेट लावत होता?”

काकासाहेब मिशीत हसले. मैमूना म्हणाली, “लावत व्हते मॅडम. नोटीस आल्यापासून बिलकुल बंद केलं.”

“कंट्रोल रूममध्ये तपासणीच्या दिवशी सगळेच दूरदर्शन लावतात. मी घराघरांत जाऊन बघणार. दोन-चार घरी दिसलं, पुरे. नाही दिसलं तर पेट्या सील.”

“चला की मॅडम,” मैमूना म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. घरं तिची, आकडे तिनं लावलेले. तिला काय ठाऊक खाली काय चाललंय.

खाली असं झालं होतं की जीप वेशीतून आत आली तेव्हाच बातमी पळाली होती. टीव्ही तपासायला सरकारी जीप आलीय! आता आष्टीतल्या वयस्क माणसांच्या मनात सरकारी जीप आणि घरातलं यंत्र या दोन गोष्टी फार जुन्या काळापासून चिकटलेल्या होत्या. पूर्वी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. परवाना नसला तर तपासनीस रेडिओ उचलून नेई. तो परवाना बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण भीतीला कुणी तसं कळवलं नव्हतं. त्यामुळं जीपचा धुरळा बसायच्या आत आष्टीच्या म्हाताऱ्यांनी तेच केलं जे त्यांनी तरुणपणी केलं होतं.

पहिलं घर नंदाबाईंचं. दारातून आत वायर गेलेली, आणि भिंतीवरच्या फळीवर टीव्हीएवढी, धूळ नसलेली, चौकोनी जागा.

“टीव्ही कुठं आहे?” मॅडमनी विचारलं.

“आमच्याकडं टीव्ही न्हाई,” नंदाबाई म्हणाल्या.

“मग ही वायर?”

“कपडे वाळू घालायला.”

मैमूनाचा चेहरा उतरला. “मावशी, काय बोलता हो?”

नंदाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी द्वारकाबाई म्हणाल्या की टीव्ही व्हता पण बैलानं फोडला. पाचव्या घरी गोजरबाई उंबऱ्यापाशी बसून पाळणा हलवत होत्या.

“हळू बोला बाई, नातू झोपलाय,” त्या कुजबुजल्या.

मॅडम पाळण्यापाशी गेल्या. दुपट्यातून दोन चकचकीत पितळी कांड्या वर आल्या होत्या, टीव्हीच्या डोक्यावर असतात तशा. मॅडमनी शांतपणे विचारलं, “नातू कोणत्या कंपनीचा आहे?”

गोजरबाईंनी तरीही पाळणा थांबवला नाही.

रस्त्यावर आल्यावर मॅडम मैमूनाकडं वळल्या. आता त्यांच्या आवाजात गंमत नव्हती. “करमणूक कराच्या कागदांवर तुम्ही इतकी घरं लिहिता आणि एकाही घरात टीव्ही नाही. लोकांना लपवायला तुम्ही सांगितलं?”

“खुदा की कसम, न्हाई मॅडम!”

“मॅडम, तिचे लोकच तिच्याविरुद्ध साक्ष देऊन राह्यलेत,” काकासाहेब म्हणाले. “माझ्याकडं या. बाजाररस्त्यावर कोणतंही घर बघा. दूरदर्शन लख्ख.”

ते मॅडमना घेऊन गेले. तिथं दोन दुकानदारांनी मोठ्या अभिमानानं रिमोट दाबून बावन्न नंबरचं दूरदर्शन दाखवलं, रंगीत आणि स्वच्छ. मॅडमनी विचारलं, “यापेक्षा साधा टीव्ही कुणाकडं आहे? बटणाचा?”

“मॅडम, असले टीव्ही आता राह्यले कुठं?” काकासाहेब म्हणाले. आणि त्या सकाळी तरी ते खोटं म्हणता येत नव्हतं. आष्टीत बटणाचा एकही टीव्ही नजरेला पडत नव्हता.

मॅडमनी घड्याळ बघितलं. “साडेदहाला मला परतूरला निघायचंय. तोपर्यंत मैमूनाबाईंच्या केबलवर मला एका घरात तरी टीव्ही दिसला पाहिजे. नाहीतर मी पेट्या सील करते.” कारकुनानं पिशवीतून लाख आणि दोरा काढून जीपच्या बॉनेटवर ठेवला.

लालमियाँ दुकानाच्या पायरीवर मटकन बसला.

माझ्याभोवती पोरं जमली होती. बेबीनंदानं माझा सदरा ओढला. “गुरुजी, आमचा टीव्ही कडब्याच्या गंजीत हाय. अन् शेजारचा ज्वारीच्या कोठीत. मी दाखवू का मॅडमला? मला सगळ्यांचे माहीत हाईत.”

सगळी पोरं तयार होती. बोट दाखवलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मी तिला विचारलं, “घरी काय कबूल करून आलीस?”

“कोणाला सांगू नको म्हणे आजी.”

“मग जीपवाल्यांना सांगू नकोस. पण आजीला जाऊन विचार, कुणाच्या भीतीनं टीव्ही गंजीत घातलास? नीट विचार. उत्तर येईपर्यंत विचार.”

पोरं पांगली. मैमूना मात्र आधीच निघाली होती. ती सरळ नंदाबाईंच्या घरात शिरली. मी दारात थांबलो. मॅडमही मागून येऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या, पण आत गेल्या नाहीत.

“मावशी, टीव्ही काढा.”

“न्हाई.”

“कॅसेटीचा राग असला तर मला दोन शिव्या द्या. मोठ्यानं द्या, गाव ऐकू द्या. पण टीव्ही काढा.”

“कॅसेटीचं न्हाई गं बाई ते!” नंदाबाई कळवळून म्हणाल्या. “तुला काय माहीत? तू तेव्हा जन्माला बी आली नव्हतीस. माझ्या सासऱ्यानं पयल्या कापसावर रेडिओ घेतल्ता. अशीच जीप आल्ती. लायसन न्हाई म्हणून रेडिओ उचलून नेला. म्हातारा आठ दिवस जेवला न्हाई. भुजंगच्या बायकोच्या माहेरनं टीव्ही आलाय. उद्या तो जीपवाल्यांनी नेला तर तिला मी काय तोंड दाखवू?”

मैमूना त्यांच्यासमोर खाली बसली. “मावशी, तो नियम वेगळा व्हता. तो ऐकणाराला लायसन मागत व्हता. हा नियम दाखवणाराला धरतो. नोटीस वाचली मी, पाठ झाली. त्यात तुमचं नाव न्हाई, तुमच्या टीव्हीचं न्हाई. माझं हाय. नेलं तर माझं नेतील. तुमचं कोण काय नेतंय?”

“माझं बिलकुल नेत न्हाईत?”

“बिलकुल न्हाई. उलट तुमच्या या बटणाच्या टीव्हीवर दिसलं पाहिजे म्हणून तर ती बाई उन्हात फिरून राह्यली.”

नंदाबाईंनी दाराकडं बघितलं. मॅडमनी उंबऱ्याबाहेरूनच मान हलवली. “मी टीव्ही न्यायला आलेली नाही, आजी. बघायला आलेय.”

 नंदाबाई उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि गोधड्यांची चवड भराभर खाली टाकू लागल्या. “भुजंग! ये इकडं, धर एका बाजूनं! बघत काय उभा राह्यला, नवरदेवासारखा!”

टीव्ही फळीवर बसला. वायर लागली. नंदाबाईंनी बटण पिळलं आणि दोन नंबरवर दूरदर्शन आलं. मुलांचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. एक बाई किटलीत पाणी उकळत होती.

मॅडम आत गेल्या. बटण त्यांनी स्वतः फिरवलं. दोन, तीन, चार. तिन्ही ठिकाणी जे असायला हवं तेच होतं.

“एक घर झालं,” त्या म्हणाल्या.

पण नंदाबाई एवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. त्या अंगणात येऊन कडकडीत आवाजात ओरडल्या, “ए द्वारके! गोजरे! काढा गं टीव्ही! नेत न्हाईत! त्या दिवसातली जीप न्हाई ही! दोन नंबर लावा, अन् आवाज मोठा ठेवा!”

गल्लीत ते कानोकान गेलं. घराघरांत पोरांनी आज्यांना आधीच पुरतं भंडावून सोडलं होतं. कडब्याच्या गंजीतून एक टीव्ही निघाला. कोठीतून एक निघाला, त्याच्या जाळीतून ज्वारीचे दाणे गळत होते. द्वारकाबाईंचा बैलानं फोडलेला टीव्ही साबूत निघाला. गोजरबाईंनी पाळण्यातून टीव्ही काढताना त्याला दोन्ही हातांनी असा उचलला की जणू खरंच तो जागा होईल.

मॅडम गल्लीच्या टोकापासून चालत निघाल्या. आम्ही सगळे मागे. आता कोणत्याच घरात शिरायची गरज राहिली नव्हती. प्रत्येक दारातून एकच आवाज येत होता. एका दारात किटलीवाली बाई म्हणाली, “पाणी तापलं की त्याची वाफ होते.” दोन पावलं पुढं, पुढच्या दारातून, “आता ही वाफ थंड बशीला लागू द्या.” त्याच्या पुढच्या दारातून, “काय दिसतंय बशीवर? थेंब!” आणि गल्लीभर पोरं एका सुरात ओरडली, “थेंब!” आम्ही चालत राहिलो आणि धडा आमच्यासोबत चालत राहिला. एक शब्द गळला नाही, एक वाक्य तुटलं नाही. वाफेचे ढग कसे होतात ते पिंपळापर्यंत आलं, ढगातून पाऊस कसा पडतो ते शेवटच्या घरापाशी संपलं. मी पंचवीस वर्षं शिकवत होतो, पण अख्खी गल्ली एका वेळी एकच धडा शिकताना मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

मैमूना सगळ्यांच्या मागे होती. ती रडत होती आणि ओढणीनं तोंड दाबून हसतही होती. लालमियाँ प्रत्येक दारात वाकून बघत होता आणि प्रत्येक दारातून मागे वळून सांगत होता, “आ रहा है! इधर भी आ रहा है!”

गल्ली संपली तिथं बाजाररस्ता लागतो. कोपऱ्यावर रामराव शिंप्याचं दुकान. केबल काकासाहेबांची, पण टीव्ही बटणाचा. तोही आता कापडाच्या ताग्याखालून बाहेर आला होता.

“तुमच्याकडं दाखवा,” मॅडम म्हणाल्या.

रामरावानं बटण फिरवलं. दोनवर पिच्चर. तीनवर साड्यांची जाहिरात. चारवर पिच्चर. पाचवर गाणी. खट्ट, खट्ट, खट्ट करत तो बारापर्यंत गेला आणि परत दोनवर आला.

“दूरदर्शन कुठं आहे?”

“बावन्नवर हाय ना मॅडम,” काकासाहेब पुढं झाले. “आपण आत्ताच बघितलं.”

“या बटणावर मला बावन्न लावून दाखवा.”

पोरांमध्ये हसू फुटलं. कुणीतरी हवेत बटण पिळायला लागलं, आणि बेबीनंदा मोजायला लागली. काकासाहेबांचा चेहरा लाल झाला. “मॅडम, रामरावानं नवा टीव्ही घ्यावा. जमाना कुठं गेला!”

“नियम टीव्ही खपवायला केलेला नाही, काकासाहेब,” मॅडम म्हणाल्या. “ज्याच्याकडं जुना आहे त्याच्यासाठीच केलेला आहे.” त्या कारकुनाकडं वळल्या. “लिहा. मैमूनाबाईंची केबल नियमाप्रमाणं चालू आहे. तिन्ही वाहिन्या जागेवर, अखंड. पूर्वीची चूक त्यांनी स्वतः कबूल केली आणि स्वतः सुधारली. पेट्या सील करायचं कारण नाही. जगदंबा केबलनं आज संध्याकाळपर्यंत तिन्ही वाहिन्या खालच्या आकड्यांवर आणायच्या. उद्या सकाळी मी पुन्हा येईन. त्या वेळी दिसल्या नाहीत तर यांच्या पेट्या सील.”

 काकासाहेबांनी खिशातून रुमाल काढला, मान पुसली आणि ते घाईनं आपल्या कंट्रोल रूमकडं निघून गेले.

मॅडम जीपमध्ये बसल्या. बसता बसता त्यांनी मैमूनाला विचारलं, “तीन पेट्या इकडं गेल्या. लोक तक्रार करत नाहीत?”

“करतात ना,” मैमूना म्हणाली. “ह्या नंदाबाईच बघा.”

“मी कुठं करून राह्यले?” नंदाबाई कडाडल्या. “ज्याला भुजंगचं लग्न बघायचं त्यानं माझ्या घरी यावं. चहा पाजीन.”

त्या दिवशी शाळा पाऊण तास उशिरा भरली. हजेरी मी सगळ्यांची पूर्ण लावली. पावसाचं चक्र शिकवायची गरजच नव्हती. फळ्यावर मी फक्त किटली काढली आणि पोरांनी उरलेलं स्वतःच काढलं. बेबीनंदानं ढगाखाली एक टीव्ही काढला आणि त्याच्या बटणावर दोन लिहिलं.

संध्याकाळी दिवेलागणीला मी मैमूनाच्या पायरीवर बसलो होतो. ज्या घरांनी केबल तोडली होती त्यांतली दोन परत जोडून मागायला आली होती आणि लालमियाँ त्यांना मोठ्या रुबाबात थांबवून ठेवत होता. वरच्या खोलीत पाचही पेट्यांचे दिवे लागले होते. तेवढ्यात बाजाररस्त्याच्या कोपऱ्यावरून रामराव शिंपी टेप गळ्यातच घेऊन दुकानाबाहेर धावत आला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, “मैमूना! आलं गं, आलं! आमच्याकडं बी आलं दूरदर्शन! दोन नंबरवर!”

मैमूना गच्चीच्या कठड्यावर वाकली. “तुमची केबल काकासाहेबाची ना? मंग मला काहून सांगता?”

“त्याला सांगायला गेल्तो. त्यानं दार लावून घेतलं!”

ती इतकी मोठ्यानं हसली की खालच्या गल्लीतल्या बायका दारात आल्या.

“मंग बघा की निवांत,” तिनं वरूनच सांगितलं. “बातम्या लागल्यात. आवाज मोठा ठेवा.”